डावीकडं झुकलेली खाच

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी चहाच्या निमित्तानं उठणारा माणूस. करंट असला की कॉम्प्युटर चालतो, नसला की बंद — माझा विश्वास एवढ्यापुरताच. तरी हे लिहितोय, कारण वीसेक वर्षं होऊन गेली आणि डोक्यातून जात नाही...

भोकरदनला स्टँडजवळ माझं रेडियमचं आणि बोर्डांचं दुकान. नवा कॉम्प्युटर घेतला होता तेव्हाची गोष्ट. अक्षर मात्र मी शिकलो दामू पेंटरांकडून. मामा म्हणायचो त्यांना. काय हात होता माणसाचा! शिडीवर चढून, पट्टी न लावता चार फुटी अक्षर काढायचे आणि खाली उतरून निवांत विडी पेटवायचे. बोर्डावर सही कधी केली नाही. फक्त पहिल्या अक्षराच्या शिरोरेघेत ज्वारीच्या दाण्याएवढी खाच ठेवायचे, उजवीकडं झुकलेली. "रेघ कोंडू न्हाई रे. अक्षराला दम घ्यायला जागा पाह्यजे," म्हणायचे.

मग अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला. सहा महिन्यांनी मामाही गेले. आजारपणात मी दोनदाच भेटायला गेलो, याची लाज आजही वाटते.

त्यांची मुलगी सुनंदा शिवणकामाचं दुकान टाकत होती. वडलांना ती दादा म्हणायची. म्हणाली, "भाऊ, बोर्डावर दादांचंच अक्षर पाह्यजे. दुसऱ्या कोणाचं लावणार न्हाई मी."

उद्या उद्घाटन. मामांच्या जुन्या बोर्डांचे फोटो स्कॅन करून मी तिच्या नावाची अक्षरं जुळवली. राहिली खाच. सॉफ्टवेअरमध्ये ते सोपं — अक्षरावर दाण्याचा आकार ठेवायचा, दोन्ही सिलेक्ट करून ट्रिम दाबायचं, तेवढा तुकडा निघून जातो. पण जमेना! दहादा कापलं, दहादा अन्डू केलं. खाच पडायची, मामा दिसायचे नाहीत. शेवटी अक्षर अखंड ठेवलं, दाणा बाजूला सरकवला आणि फाईल सेव्ह केली. दुपारचे दोन वाजले, लोडशेडिंग सुरू. मी शटर लावून जेवायला घरी गेलो. किल्ली माझ्याच खिशात.

पाचला लाईट आली. शटर वर करून फाईल उघडली... 'सु'च्या रेघेत खाच होती! स्वच्छ, एका दमात कापलेली. माझा दाणा बाजूला तसाच पडलेला. आणि खाच झुकलेली डावीकडं — मामांनी आयुष्यात कधी कापली नाही तशी.

तेवढ्यात सुनंदा बोर्ड बघायला आली. मी गडबडून म्हणालो, "खाच उलटी पडली, नीट करतो."

ती स्क्रीनकडं बघत खाली बसलीच. "हात लावू नका भाऊ... तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"दादा डाव्या हातानं गिरवून राह्यले होते. 'तुझ्या दुकानाचा बोर्ड मीच लिहिणार' म्हणायचे. हात बसेपर्यंत कोणाला सांगू नको म्हणले..."

लगेच घरी जाऊन तिनं वही आणली. पानामागून पान नुसते 'सु'. आधी वेडेवाकडे, मग हळूहळू सरळ होत गेलेले. शेवटच्या पानावरच्या 'सु'ला खाच होती, डावीकडं झुकलेली. त्याच मापाची प्रिंट काढून मी वर ठेवली. बराबर बसली. आम्ही दोघंही रडलो.

जाणकार म्हणतात, फाईल करप्ट झाली असेल. असेल बुवा. मला एवढंच कळतं, की आख्ख्या तालुक्याचे बोर्ड रंगवलेला माणूस लेकीसाठी दुसऱ्या हातानं पहिल्यापासून गिरवायला बसला होता... आणि तिचा बोर्ड त्यानंच लिहिला.