लाल खुणा बंद केल्या

मंडळी, नौपाड्यातल्या सायबर कॅफेतून लिहितेय. डोकं अजून तापलेलं आहे.

आमच्या डीटीपी सेंटरमध्ये कोळीवाड्याची स्मरणिका चालू आहे. सत्तरीतल्या एका काकांनी खाडीवर लेख सांगितला, मी तो त्यांच्याच बोलीत टाइप केला. सेंटरचे साहेब तो 'शुद्ध' करत होते. वर्डमध्ये बदलांची नोंद चालू होती, त्यामुळे 'म्हावरं'चं 'मासळी' केलं तरी जुना शब्द लाल रेघ मारलेला दिसायचा.

आज साहेब म्हणाले, "अगं, ते लाल बंद कर, डोळ्यांना त्रास होतो."

मी सगळे बदल मान्य केले, नोंद बंद केली, तीच फाइल सेव्ह केली; रेघ मारलेले जुने शब्द कायमचे पुसले गेले. उरलेला लेख साहेबांनी बिनबोभाट बदलला.

दुपारी काका प्रूफ बघायला आले. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता चिडतील. तेवढीच आशा होती.

"चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "कोनाचं हाय?"

मी वरचं त्यांचं नाव दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि सही केली.

ग्रुपवर खाडीकाठचं कुणी आहे का? त्यांचे शब्द मीच टाइप केलेले, पण 'म्हावरं' सोडून मला एकही आठवत नाहीये.