बाबांना न पटणारे किनारे

आई गेल्यावर बाबांना मी शारजाला घेऊन आले, ते परत पाठवायचं नाही असं ठरवूनच. त्यांनी मात्र व्हिजिट व्हिसा संपला की गावी जाणार, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. कारण विचारलं तर म्हणाले, "इथे समुद्र नाही."

रत्नागिरीजवळ आमच्या घराच्या मागच्या दारातून समुद्र दिसतो, हे खरं. पण अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमधूनही खालिद लगूनचं पाणी दिसतं आणि त्यासाठी लोक जास्तीचं भाडं मोजतात. बाबांनी गॅलरीतून एकदा वाकून पाहिलं. "तळं आहे," म्हणाले आणि पेपर उघडला.

मग मीही हट्टाला पेटले. समुद्र नाही म्हणजे काय? दर शनिवारी गाडी काढायची आणि बाबांना एक नवा किनारा दाखवायचा, असा सपाटाच लावला. उम्म अल कुवैनला खारफुटीतून चालवलं, फ्लेमिंगो दाखवले. "ही खाडी झाली," बाबा म्हणाले, "चिखलाचा वास तेवढा ओळखीचा आहे." अबुधाबीला पांढरी वाळू, शिट्टी घेऊन बसलेला लाइफगार्ड आणि पाण्यात दोरी बांधून आखलेली हद्द पाहून ते हसले. "पोहायचा तलाव."

"आजोबा, इट्स द सी. चेक द मॅप," माझी मुलगी म्हणाली.

"नकाशात असेल," बाबा म्हणाले.

नवऱ्याने एव्हाना अंग काढून घेतलं होतं. पुढच्या वेळी येतो, इन्शाल्ला, एवढं म्हणून तो कूस बदलायचा. मुलीलाही कंटाळा आला. परतीच्या तिकिटाआधीचा शेवटचा शनिवार उरला, तेव्हा मी आणि बाबा दोघेच निघालो, डोंगरातले बोगदे ओलांडून पूर्वेच्या किनाऱ्याला. तिकडे लाटा असतात, असं ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं.

लाटा होत्या. शिवाय मासेमार जाळं ओढत होते, अगदी आपली रापण. लांबचा दोर पिकअपने ओढून आणला होता आणि शेवटचा टप्पा माणसं हातांनी ओढत होती. मी पाण्याची बाटली काढेपर्यंत बाबा चपला सोडून त्यांच्या रांगेत उभे. "बघतेस काय? धर," ते ओरडले. मी पँटचे पाय दुमडले आणि दोर धरला. तळहात सोलवटले, पण सोडला नाही.

जाळं वर आलं. मासे क्रेटमध्ये भरायला लागले, तरी बाबा ढिगाशेजारून हलेनात.

"चाचा, फोटो चाहिए?" त्यांच्यातल्या म्होरक्याने विचारलं.

"फोटो नहीं. हिस्सा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या गावात रापणीच्या दोराला ज्याचा हात लागला त्याचा वाटा असतो, मग तो पाहुणा का असेना. इथल्या लोकांना ते काय ठाऊक? मी घाईघाईने पर्स काढली. बाबांनी माझा हात खाली केला. "विकत घ्यायचं नाही. ओढलंय आपण."

म्होरक्या बाबांकडे बघत राहिला, मग हसला आणि पिशवीत बांगडे टाकले. "खलास?" त्याने विचारलं. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने आणखी दोन टाकले.

आम्ही वाळूत बसलो. बाबा इतके खूश मी आई गेल्यापासून पाहिले नव्हते आणि मला वाटलं, जिंकले.

"हा समुद्र पटला ना? मग राहाल आता?"

"मला तळंसुद्धा पटलं होतं," बाबा म्हणाले.

मी भडकलेच. "मग इतके शनिवार मला कशाला फिरवलंत?"

"पटलं म्हटलं असतं तर दुसऱ्या शनिवारी तू लॅपटॉप उघडून बसली असतीस." त्यांनी पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. "शनिवारपुरता मी राहतो गं. बाकीच्या दिवसांचं काय? तू येतेस तेव्हा मी जेवून झोपायला गेलेला असतो."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मग नाक पुसलं.

"सोमवारी मॅनेजरला सांगते. सहानंतर मी मिळणार नाही."

"आधी सांगून ये," बाबा म्हणाले. "मग तिकिटाचं बघू."