कदमांच्या आकड्यांतल्या बायका

नगरच्या स्टँडवरून कोपरगावची लाल गाडी सुटली तेव्हा माझा एकच उद्देश होता: कदमाची लबाडी पकडायची. आम्ही दोघेही हिवताप निरीक्षक. वरची एकच जागा रिकामी होती. साहेब मला म्हणाले होते, "कदमांकडे बायकांच्या रक्ताचे नमुने पुरुषांइतकेच येतात. तुमच्याकडे का नाही? जाऊन पाहा." पठ्ठ्या पुरुषांचंच रक्त बायकांच्या नावावर खपवत असणार, याची मला खात्री होती.

राहुरीच्या पुढे टायर बसला. बराच वेळ ऊन खात उभा राहिलो. राहात्याला, कदमाच्या भागात, उतरलो तर पेरूच्या बागा, ऊस आणि पाण्याने भरलेल्या चाऱ्या (कालव्याचे लहान फाटे). माझ्या भागात विहिरी कोरड्या पडलेल्या. याला गावंसुद्धा चांगली मिळाली होती!

कदमाच्या घरी पिठलं-भाकरी झाली. तीही झकास. मग त्याची बायको पदर सावरत आमच्याबरोबरच निघाली.

पहिल्याच घरी ओट्यावर म्हातारबुवा बसले होते. "सून तापानं फणफणलीय. पन परक्या मानसाच्या हातात बोट द्यायची न्हाई," ते मला म्हणाले. "वयनींना जाऊ द्या आत."

वहिनी बाहेर आल्या तेव्हा काचपट्टीवर रक्ताचा थेंब होता आणि कपाळावर ताजं कुंकू. डाव्या हाताच्या बोटाला सुई टोचून घेतल्यावर, सवाष्णीला तसंच कसं पाठवायचं म्हणून, सुनेनं तापातही उठून त्यांना हळदीकुंकू लावलं होतं.

"वहिनी सरकारी नोकरीत आहेत?" मी विचारलं.

"न्हाई ओ," कदम हसला. "मीच शिकवलंय. वर कळलं तर माझी वाट लागंल."

आता मला त्याच्या बायकोचाही हेवा वाटू लागला. माझीला सुई दाखवली असती तर तिने आतून कडी लावली असती.

परतीच्या गाडीत मी मनात तक्रार घोळवत होतो. एका वाक्यात ती जागा माझी झाली असती. पण वहिनी घरी बसल्या की ती सून आकड्यांतून जाणार होती, आणि ताप तिच्या अंगातच राहणार होता.

"आकडे खोटे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"खरे आहेत," मी कसंबसं म्हणालो. "माझ्या भागात या कामाला बाई नेमा. पुरुषाला घरात घेत नाहीत."

जागा कदमाला मिळाली. माझ्या भागात बाई नेमली, आणि आजवर न दिसलेला बायकांचा हिवताप सापडू लागला. औषधंही पोचली. बैठकीत साहेब म्हणाले, "कदम वर आल्यापासून काम सुधारलं." सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या होत्या, असं मला आजही वाटतं.