एक्स्पेक्टचे तीन अर्थ

इंग्रजीच्या मास्तरांनी ‘एक्स्पेक्ट’चे तीन अर्थ फळ्यावर लिहून दिले होते. पाहुणा येणार म्हणून वाट पाहणे, हा पहिला. हाताखालच्या माणसाने अमुक केलेच पाहिजे असे धरून चालणे, हा दुसरा. तो साहेबलोकांच्या खास वापरातला. तिसरा म्हणजे नुसतेच ‘असे वाटते’, त्यात कुणी कुणाला बांधील नाही. मी तिन्ही तोंडपाठ केले आणि मॅट्रिक झालो. शहापुरातल्या आमच्या विणकर गल्लीत एवढे शिकलेला मी पहिलाच, त्यामुळे माझे नाक जरा वरच असायचे.

बेळगावातल्या एका कचेरीत मी कारकुनीसाठी अर्ज केला. उत्तर आले. अर्ज पोचला, पुढचे लवकर कळेल अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही, एवढेच त्यात होते. इंग्रजी शब्द तोच, ‘एक्स्पेक्ट’, पण कुणालाही न बांधणारा, आणि नोकरीचा पत्ता नाही, हे मला वाचताक्षणी कळले. मागावर बसलेल्या वडिलांनी, आप्पांनी, हात न थांबवता विचारले, “लागली न्हवं नोकरी?”

सगळी गल्ली दारात जमली होती. मी म्हणालो, “व्हय, आप्पा.”

त्याच आठवड्यात मागावरचे लुगडे संपत आले. आमच्यात ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, संपला तरी माग रिकामा करत नाहीत. जुन्या धाग्यांची टोके मागाच्या फणीत ओवलेली तशीच ठेवायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडायचा. टोके निघाली की सगळे धागे पुन्हा ओवत बसावे लागते, आणि आप्पांची नजर तर अधू झालेली. पोरगा कारकून झाला, आता माग कशाला, म्हणून त्यांनी हसत हसत टोके कापून टाकली. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडले नाही. त्याची लाज मला आजही वाटते, आणि वाटलीच पाहिजे.

कचेरीतून पुढे काहीच आले नाही. आप्पा डोळे ताणून फणी भरायला बसले, पण धागे चुकत गेले. मला ओवता येत नव्हते. शिकायच्या वयात मी शब्दार्थ पाठ करत होतो. शेवटी ते दुसऱ्याच्या घरी कांड्या भरायला, म्हणजे आडव्या धाग्याचे सूत गुंडाळून द्यायला, जाऊ लागले. आमच्याकडे ते काम बायका करतात.

एकदा तिथून आल्यावर पाय धुता धुता त्यांनी विचारले, “त्या कागदात लागली असंच हुतं न्हवं रं?”

“हुतं. साहेबानं शब्द फिरवला, आप्पा.”

साहेबाला शिव्या देत ते जेवायला बसले आणि आईला म्हणाले, आधी पोराला वाढ.