बे नंबर दोनचे फोरमन

खालून दत्ताचा आवाज आला, "मॅडम, जरा खाली येता का?"

आमच्या कामात पिटमधला माणूस मॅनेजरला खाली बोलावतो, तेव्हा बातमी चांगली नसते. चांगली असली तर तो खालूनच ओरडून सांगतो.

आधी पिट म्हणजे काय ते सांगते. विश्रांतवाडीत आळंदी रोडला लागून आमचं क्विक ऑइल चेंजचं दुकान आहे. दोन बे, म्हणजे गाडी उभी करायच्या दोन जागा. प्रत्येक बेच्या खाली माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा. तो पिट. गाडी त्याच्यावर येऊन थांबते. खालचा टेक्निशियन इंजिनच्या तळाचा ड्रेन प्लग काढतो, जुनं ऑइल वाहून जातं, तो फिल्टर बदलतो आणि प्लग परत लावतो. वरचा टेक्निशियन बॉनेट उघडून नवीन ऑइल भरतो. ग्राहकाला गाडीतून उतरावंही लागत नाही. बाहेर पाटी आहे, 'वीस मिनिटांत ऑइल चेंज'. मी इथली स्टोअर मॅनेजर. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून या कामात आले त्याला आता सतरा वर्षं झाली.

मी खाली उतरले. दत्ताच्या तळहातावर प्लग होता.

"आटे गेल्यात," तो म्हणाला.

प्लगला स्क्रूसारखे आटे असतात, आणि तो जिथे बसतो त्या भोकालाही. तळाचं भांडं ॲल्युमिनियमचं असतं, प्लग लोखंडाचा. कुणी जोर जास्त लावला की भोकातले आटे झिजतात. मग प्लग नुसता गोल गोल फिरतो, पकडत नाही. जुनं ऑइल सगळं निघून गेलं होतं. नवीन भरलं असतं तर तेही खालूनच गळालं असतं. आणि ऑइलशिवाय इंजिन चालू करणं म्हणजे इंजिनची माती करणं.

गाडी अनघा मुळे नावाच्या बाईंची होती. पंचेचाळिशीच्या, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, घर नारायण पेठेत. दोन-अडीच वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या. नेहमी शनिवारी सकाळी, आणि नेहमी शेजारच्या सीटवर त्यांचे वडील. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, हात मांडीवर. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, "आत एसीत बसा, चहा घ्या." त्या म्हणायच्या, "नको, आम्ही गाडीतच बरे." मी समजून चालले होते की बाईंना घाई आहे. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये काढणाऱ्या माणसाला शनिवारी कुठे थांबायचं नसतं.

मी वर येऊन त्यांना काय झालं ते सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील. त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ लागेल?"

"जाड प्लग आणावा लागेल. नाना पेठेत मिळेल. जाऊन येऊन तास, सव्वा तास."

त्या गाडीतून उतरल्या, दार हळूच लावलं आणि दोन पावलं बाजूला येऊन हलक्या आवाजात बोलल्या. वडिलांना तीन वर्षांपासून विसरण्याचा आजार होता. घरात सारखी घालमेल, पण गाडीत बसले की शांत होत. म्हणून दर शनिवारी त्या त्यांना आळंदी रोडने लांब चक्कर मारून आणत. अनोळखी जागी उतरवलं की मात्र ते घाबरत, अंगावर धावून जात. पूर्वी त्या गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला न्यायच्या. तिथे गाडी ताब्यात देऊन दोन-तीन तास बाहेर बसावं लागे. एकदा त्या काउंटरवर सही करत असताना अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, उठून थेट हमरस्त्यावर गेले होते.

"त्यानंतर तुमच्याकडे यायला लागले," त्या म्हणाल्या. "इथे त्यांना उतरवावं लागत नाही."

वीस मिनिटांचं त्यांना काहीच नव्हतं. पाटीवर जे लिहिलेलंच नाही, त्यासाठी त्या यायच्या. हे मला अडीच वर्षांत कळलं नव्हतं.

इम्रान आमचा वरचा टेक्निशियन. त्याला मी लगेच बाइकवरून नाना पेठेत पिटाळलं. तो गेला आणि माझा फोन वाजला. एरिया मॅनेजर. त्यांच्या ऑफिसात एक स्क्रीन आहे. गाडी वीस मिनिटांच्या वर थांबली की तो बे लाल होतो.

"बे नंबर दोन लाल दिसतोय."

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ढकलून बाहेर लावा आणि लाइन घ्या. शनिवार आहे."

"सर, काम पिटवरच होणार. आणि गाडीत वयस्कर गृहस्थ आहेत, त्यांना हलवता येणार नाही."

"मग टेप लावून प्लग बसवा, ऑइल भरा आणि सोमवारी बोलवा."

असं करणारे लोक आहेत. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली की प्लग तात्पुरता बसतो. घरापर्यंत पोचला तर पोचला. मी म्हटलं, "प्लग मध्येच पडला तर बाई भर रस्त्यात अडकतील, आणि त्या एकट्या नाहीत. मी टेप लावणार नाही." मग ते म्हणाले, "रिपोर्टला तुमचं नाव जाईल," आणि फोन ठेवला.

रांगेत पुढचा नंबर एका सत्तरीच्या काकांचा होता. ते आपल्या गाडीतून उतरून आले, पाटीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"त्या 'वीस मिनिटांत'च्या पुढे 'जमल्यास' असं रंगवून घ्या."

मी त्यांची माफी मागितली आणि दुसरा बे मोकळा होईपर्यंत थांबायची विनंती केली. "थांबतोच आहे," ते म्हणाले. "मला घाई नाही. फक्त मत होतं."

एवढ्यात मागे गाडीचं दार वाजलं.

इंजिन बंद, त्यामुळे एसी बंद. काचा उघड्या होत्या तरी आत उकडत असणार. अण्णा उतरले होते. "चला, चला, उशीर झाला," असं काहीतरी पुटपुटत ते बॉनेटच्या दिशेने निघाले. बाई मागून "अण्णा, थांबा ना" म्हणत त्यांचा हात धरू बघत होत्या, ते झटकत होते. गाडीच्या पुढे पिटचं तोंड उघडं असतं. तिथून पाय घसरला तर माणूस सहा फूट खाली. ग्राहकाला पिवळ्या पट्टीच्या आत येऊ द्यायचं नाही, असा आमचा पहिला नियम आहे, तो याचसाठी. मी धावले. त्यांचं कोपर धरलं, त्यांनी मलाही झटकलं. चांगलाच जोर होता. मी दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी धरलं आणि तशीच उभी राहिले.

पण ते स्वतःच थांबले होते. वाकून खाली बघत होते. दत्ता दिव्याच्या उजेडात गाडीखाली उभा होता. भोकातून राहिलेलं ऑइल थेंब थेंब पडत होतं.

"आटे गेले का?" अण्णांनी विचारलं.

आवाज एकदम वेगळा होता. ठाम, कामातला. दत्ताने वर बघितलं. दत्ता चऱ्होलीकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि सरळ उत्तर दिलं, "व्हय साहेब, गेल्यात."

"गन लावली असणार कुणीतरी. प्लगला गन लावतात का?"

गन म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं नटबोल्ट आवळायचं यंत्र. चाकाच्या नटांना ते ठीक. ड्रेन प्लगला लावलं की काम झटक्यात होतं आणि आट्यांची वाट लागते.

अनघाबाई मागून म्हणाल्या, "पण गाडी तर तुमच्याकडेच येते."

ते माझ्याही डोक्यात आलं होतं. पिटच्या तोंडावर लोखंडी जाळी ओढून, दत्ताला खालून अण्णांना बोलतं ठेवायला सांगून मी कॉम्प्युटरवर मागची नोंद काढली. सात महिन्यांपूर्वी, बे नंबर एक. त्या दिवशी खाली जो टेक्निशियन होता तो नंतर नोकरी सोडून गेला. त्याला गन वापरायची सवय होती हे मला माहीत होतं. मी दोनदा बोलले होते. तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं, बोलले नाही, कारण त्याच्या गाड्या वेळेत निघायच्या.

मी बाहेर आले आणि बाईंना म्हटलं, "चूक आमची आहे. मागच्या वेळी आमच्याच माणसाने गन लावली. आज दुरुस्त करून देते, आणि पुढे कधी त्रास झाला तर जबाबदारी माझी."

त्यांनी मान हलवली. त्यांचं लक्ष वडिलांकडे होतं.

अण्णा आता परत गाडीत बसायला तयार नव्हते. मी ऑफिसातली खुर्ची आणून त्यांना गाडीच्या पुढ्यात बसवलं आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. पिवळ्या पट्टीचा नियम तेव्हा मीच मोडला. बाईंनी सांगितलं, ते पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्सला होते, शेवटची बारा वर्षं फोरमन. दत्ताने ते ऐकलं. पुढचा तासभर तो माणूस, जो माझ्याशी दिवसभरात दहा वाक्यं बोलत नाही, खालून एकेक गोष्ट सांगत राहिला. साहेब, फिल्टर बदललाय. साहेब, भोक साफ करून घेतोय. साहेब, वॉशर नवा टाकतो. अण्णा प्रत्येक वेळी "हं" म्हणायचे. मध्येच ते ट्रकच्या इंजिनबद्दल बोलायचे, आणि समोरची छोटी गाडी त्यांना ट्रकच वाटत असावी. दत्ताने एकदाही दुरुस्त केलं नाही.

मग अण्णांचं लक्ष मुलीकडे गेलं. त्या खुर्चीशेजारी उभ्या होत्या.

"बाई, तुम्हाला कुणाला भेटायचंय?" त्यांनी अगदी अदबीने विचारलं. "शॉपमध्ये बाहेरच्या लोकांना परवानगी नाही. गेटवर थांबा, मी निरोप देतो."

मला काय करावं कळेना. अनघाबाईंनी मात्र क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं साहेब." पिवळ्या पट्टीच्या बाहेर जाऊन त्या उभ्या राहिल्या. रांगेतल्या काकांनी त्यांना आपल्या गाडीतली पाण्याची बाटली नेऊन दिली.

इम्रान प्लग घेऊन आला. हा मूळच्यापेक्षा किंचित जाड असतो आणि जाताना स्वतःचे नवे आटे कापत जातो. एकच अट, सुरुवात सरळ व्हायला हवी. तिरका गेला तर भांडंच बदलावं लागतं.

"हाताने लाव," अण्णा म्हणाले. "घाई करू नको. हाताला कळतं."

दत्ताने हातानेच सुरुवात केली. मग पाना घेतला. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.

आमच्याकडे एक पद्धत आहे. वरच्या माणसाने ऑइल ओतायच्या आधी विचारायचं, "प्लग?" खालच्याने उत्तर द्यायचं, "टाइट." उत्तर आल्याशिवाय थेंबही ओतायचा नाही. मी ऑइलचा कॅन हातात घेतला आणि विचारायला तोंड उघडलं, तर अण्णाच म्हणाले, "खाली कोण आहे?"

"दत्ता हाय, साहेब."

"प्लग?"

"टाइट."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोड."

मी ऑइल सोडलं. इंजिन चालू केलं, पाच मिनिटं चालू ठेवलं. दत्ताने खालून कोरडा कागद प्लगवर दाबला आणि जाळीतून वर दिला. डाग नव्हता. अण्णांनी तो कागद उजेडात धरून बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि खुर्चीत मागे टेकले. थोड्याच वेळात ते पुन्हा इकडेतिकडे बघायला लागले. तो सगळा ठामपणा गेला होता. "अनू कुठाय?" त्यांनी विचारलं.

"इथेच आहे, अण्णा," पट्टीच्या बाहेरून उत्तर आलं.

त्या त्यांना धरून गाडीत बसवताना रडत होत्या. जाताना काच खाली करून मला म्हणाल्या, "घरी मी त्यांना सारखी सांगत असते, हे करू नका, त्याला हात लावू नका. आज कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना काही विचारलं." मग दत्ताला नमस्कार केला. दत्ता हात पुसत नुसता उभा होता.

गाडी बेवर एक तास पंचावन्न मिनिटं होती. रिपोर्टला माझं नाव गेलं. सोमवारी एरिया मॅनेजर स्वतः आले. मी त्यांना जुना प्लग दाखवला आणि गनची गोष्ट लपवली नाही. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांनी प्लग हातात फिरवून बघितला आणि विचारलं, "बाकीच्या ब्रँचमध्येही गन वापरत असतील का?" मी म्हटलं, वापरत असतील, कारण स्क्रीन फक्त वेळ दाखवतो. महिन्याभरात पिटमधल्या सगळ्या गन काढल्या. त्यामुळे प्रत्येक गाडीला दोन मिनिटं जास्त लागतात. पाटी अजून तीच आहे.

मुळे मंडळी अजून येतात. अण्णा आता फारसे बोलत नाहीत, पण दत्ता खालून सगळं सांगतो. अनघाबाईंना मी एसीत बसा म्हणत नाही. चहा गाडीत नेऊन देते, दोन कप, एक अर्धा भरलेला, म्हणजे सांडत नाही.

आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की ग्राहकाला वेळ वाचवायचा असतो. बहुतेकांना तोच वाचवायचा असतो, हे खरं. बाकीच्यांना काय हवंय ते विचारावं लागतं. नव्या मॅनेजरना मी एवढंच सांगते, की विचारायला अर्धं मिनिट लागतं आणि ते स्क्रीनवर दिसत नाही.