सुधारलेल्यांत मोजलेली मुलगी

बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे उगवणबाई म्हणायचे. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे आणि आठव्या दिवशी किती उगवले ते मोजायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. नवं औषध घेऊन कंपनीची माणसं आली की ती एकच विचारायची, "औषध न लावलेला ट्रे कुठाय?"

तिची मुलगी ठमी गोष्टी सांगण्यात, नकला करण्यात पटाईत. पण नऊ वर्षांची झाली तरी एक ओळ वाचायची म्हटलं की घामाघूम. तपासणीत डिस्लेक्सिया निघाला. शाळेतल्या बाईंनी एका केंद्राचा पत्ता दिला. तिथे डुगडुगत्या फळीवर उभं राहून चेंडू झेलायचा. त्याने मेंदू जुळून येतो आणि वाचन सुधारतं, असं सांगायचे.

उगवणबाईने त्यांचा अहवाल मागून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत हातात पेन्सिल धरून वाचला. चाळीसपैकी चौतीस मुलं सुधारली होती. पण फळीवर न चढलेली मुलं त्यात नव्हतीच. आधी आणि नंतर एकच उतारा वाचायला दिलेला. मध्येच सोडून गेलेली आणखी एकवीस मुलं बारीक अक्षरातल्या तळटीपेत. आणि तपासणारे केंद्राचेच.

ती केंद्राच्या संचालकांना भेटली. "फळी न केलेल्या मुलांचं काय झालं?"

"त्यांचं नुकसान झालं, दुसरं काय?" ते हसून म्हणाले.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "तुझं बरोबर असेल. पण मग करायचं काय, ते सांग."

तेही तिने शोधलं होतं. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी एकेक करून, रोज, कित्येक महिने पक्की करून घ्यायची. त्यावरच्या अभ्यासांत चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडले होते, आणि तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटातलं ते ठाऊक नव्हतं. पण तसं शिकवणारं गावात कोणी नव्हतं. तिने स्वतः सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात ठमीने वही भिरकावली. "तू शिकवत नाहीस. चुका मोजतेस." शिकवणं तिथेच थांबलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, निदान त्या फळीवर तरी पाठव. काहीच न करण्यापेक्षा बरं."

तिने पाठवलं. विश्वास नसताना, दोन वर्षं. शेवटी केंद्राने तोच उतारा वाचून घेतला, ठमीने तो पाठ म्हटला, आणि ती सुधारलेल्यांत मोजली गेली. घरी आईने नवा उतारा पुढ्यात ठेवला. ठमी पहिल्याच ओळीवर थांबली.

मग दूरच्या शहरात अक्षर-आवाजाच्या पद्धतीने शिकवणारी एक शिक्षिका सापडली. तिने तासभर ठमीला तपासलं. "होईल थोडं. हळूहळू होईल. किती, ते सांगता येणार नाही. आधी आणायला हवं होतं."

इतक्या वर्षांत उगवणबाईला मिळालेलं हे पहिलं खरं उत्तर. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

"आई, मी नाही जाणार," ठमी म्हणाली. "आणखी एक फळी नको."

नववीत तिने शाळा सोडली. आता ती कपड्यांच्या धुलाई कारखान्यात घड्या घालते. फोनवर काही लिहिलेलं आलं की तो आईपुढे धरते. आई वाचून दाखवते.