नानामिस्त्रींचं पांढरं फडकं

गॅरेजात सुटे नटबोल्ट कुणी फेकत नाही. लागतील कधीतरी, असं म्हणत डबा भरत जातो. नानामिस्त्रींचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. नाना मूळचे लोणीचे, गॅरेज आळेफाट्याला, आणि भिंतीला भिंत लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान. गोष्टी नव्वदच्या दशकातल्या. असा माणूस पुन्हा होणे नाही राव!

नानांना बिडीचा लई नाद. खोकल्याची उबळ आली की हातातला पाना गळून पडायचा. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, छाती शिट्ट्या मारतेय. बिडी सोडा, नाहीतर गॅरेज सोडावं लागेल."

गॅरेज म्हणजे तर नानांचा जीव! तरी म्हणतात कसे, "बिडीबिगर माजं डोकंच चालत न्हाई. कमी घाण करणारं कायतरी आसंलच की. हुडकतो मी!"

*

कुणी म्हणालं, फिल्टरची सिगारेट बरी. नाना ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवणारे नव्हेत. गाडी धूर ओकायला लागली की ते सायलेन्सरला पांढरं फडकं धरून बघायचे. तसंच फडकं तोंडाला धरलं. एक झुरका बिडीचा, एक फिल्टरचा. फिल्टरचा डाग फिका! आम्ही टाळ्या वाजवल्या.

नानांनी आठवडाभर थोटकं मोजली. बिड्या दिवसाला दहा लागायच्या, सिगारेटी अठरा लागल्या!

"गाडीचं अ‍ॅव्हरेज एका किलोमीटरवर काढता व्हय रं? आख्ख्या दिसाचा डाग बघा!"

*

एक ट्रकवाला म्हणाला, "नाना, तंबाखू मळा. धूरच नाय तर भानगडच नाय!"

नानांनी टॉर्च हातात घेतला. "आ करा पावणं." गालाच्या आत पांढरा चट्टा! नानांनी तसंच त्याला स्कूटरवर घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. वेळेत आला म्हणून निभावलं.

पुढच्या हंगामात तो द्राक्षांची पेटी घेऊन आला आणि नानांच्या पाया पडायला वाकला. नाना म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. आधी आ करा!"

*

एकदा खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम करणारे एक इंजिनियर जीपचं क्लचचं काम घेऊन आले. सोबत परदेशी पाहुणा. त्याच्याकडे जाड पेनासारखं बॅटरीचं यंत्र. त्यात सिगारेट खुपसायची. ती जळत नाही, नुसती तापते!

नानांनी आत डोकावून पाहिलं. "आरं, ह्यो तर हीटर प्लग हाय! डिझेल गाडीचा!"

लगेच फडकं आलं. पाहुण्यानं झुरका घेऊन फडक्यावर सोडला. फडकं जवळजवळ कोरं! आम्ही ओरडलो, "नाना, घावलं की!" पाहुणा इतका खूश, की यंत्र नानांना भेट द्यायला निघाला.

नाना बराच वेळ फडकं हुंगत बसले. मग इंजिनियरसाहेबांना म्हणाले, "घाण कमी हाय, हे खरं. पर फडक्याला दिसत न्हाई त्याचं सर्टिफिकेट मी कसं देऊ? आन त्यांना इचारा, सकाळी उठल्या उठल्या हात कुठं जातो?"

पाहुणा हसला आणि त्यानं यंत्र ठेवायच्या खिशावर थाप मारली.

नानांनी यंत्र हात जोडून परत दिलं. बिडीचं बंडल जळक्या ऑइलच्या डब्यात टाकलं. 

*

पुढचा महिना आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक! पाने इकडून तिकडे उडायचे. एका गिऱ्हाईकानं बिचाऱ्यानं विचारलं, "मिस्त्री, किती येळ लागंल?"

नानांना वाटलं, बिडी सुटायला! गरजले, "आजचा दिस तर जाऊ द्या!"

*

वर्षानं तपासणी होती. मीही सोबत गेलो. गॅरेज राहणार की जाणार, हे आज ठरणार होतं. डॉक्टरांनी पुढून ऐकलं, मागून ऐकलं.

"मिस्त्री, शिट्टी गेली! करा गॅरेज खुशाल."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. डॉक्टर मात्र उठले, दार लोटलं, टेबलाचा ड्रॉवर उघडला आणि सिगारेटचं पाकीट नानांसमोर ठेवलं. हळूच म्हणाले, "मला जमेल का हो?"

नानांनी डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढून आपल्या कानाला लावला.

"शर्ट वर करा, डॉक्टर. आन मोठ्ठा दम घ्या!"